‘आततायी’ : एका शब्दाची झडती
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

आज मी मोर्चावर बोलणार नाही, निवडणुकीवर बोलणार नाही, आपल्यातल्या गटातटांवर तर अजिबात बोलणार नाही. एका शब्दावर बोलणार आहे. हा शब्द आपल्या पाठीवर इतक्या वेळा चिकटवला गेलाय की आता आपल्यातलीच काही पोरं तो आपलाच समजून मिरवायला लागलीत. शब्द आहे ‘आततायी’.

पोलीस आपल्या झोपडपट्टीत शिरून झडती घेतात, ट्रंका उपसतात, पिठाच्या डब्यात हात घालतात. तशी आज आपण या शब्दाची झडती घेऊ. हा कुठनं आला, कोणाच्या घरी राहिला, याच्या खिशात काय आहे आणि हा आपल्याच दारात का उभा असतो, ते बघू.

आधी आज हा शब्द कसा चालतो ते बघा. शांतता कमिटीच्या बैठकीत कोणीतरी पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ उठतो आणि म्हणतो, मागणी रास्त आहे, पण आततायीपणा नको. अग्रलेखात येतं, काही आततायी तरुणांनी. कॉलेजात पोरांनी स्कॉलरशिपसाठी प्राचार्यांच्या केबिनसमोर बसकण मारली की स्टाफरूममध्ये येतं, हा मार्ग आततायी. म्हणजे आजच्या मराठीत अर्थ काय? उतावळा. पुढचा मागचा विचार न करता एकदम टोकाला जाणारा. अविचारी, माथेफिरू, भडक डोक्याचा हे त्याचे सख्खे चुलत भाऊ.

गावात हा शब्द कोणी वापरत नाही. गावात सरळ म्हणतात, माजलेत. शेफारलेत. लई शाणे झालेत. शहरात आल्यावर त्याच ‘माजलेत’ला आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे चढवून ‘आततायी’ म्हणून खुर्चीवर बसवलंय. बाकी माणूस तोच.

आता घरातला शब्द ऐका. माझी आई मोर्चाला निघताना म्हणायची, “डोक्यात राख घालून घेऊ नको, बाबा.” तुमच्याही आया असंच काहीबाही म्हणत असतील. तिनं उभ्या जन्मात ‘आततायी’ हा शब्द उच्चारला नाही. तिच्या बोलण्यात तुमची काळजी आहे, तुम्ही रात्री परत घरी याल की नाही याची. अग्रलेखवाल्याच्या शब्दातही भीती आहे, पण ती तुमची भीती आहे. दोघांचा सल्ला कानाला सारखाच लागतो, म्हणून घोटाळा होतो. आईचं ऐकायचं. अग्रलेखवाल्याला मात्र विचारायचं, साहेब, या शब्दाचा अर्थ काय?

कारण त्याला तो माहीत नसतो. मी सांगतो.

शब्द संस्कृत. ‘आतत’ म्हणजे ताणलेलं. आततायी म्हणजे धनुष्य ताणून अंगावर चालून येणारा. घाईचा इथं काही संबंध नाही. सावकाश, नेम धरून, थंड डोक्यानं बाण सोडणाराही आततायीच. धर्मशास्त्रानं तर मोजून यादी दिलीय. वसिष्ठ धर्मसूत्रात सहा आततायी आहेत : आग लावणारा, विष घालणारा, हातात शस्त्र घेऊन मारायला आलेला, धन लुटणारा, जमीन बळकावणारा आणि दुसऱ्याची बायको पळवणारा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात याच्यापुढचं आहे. आततायी अंगावर आला तर तो गुरू असो, पोर असो, म्हातारा असो, अगदी वेद शिकलेला ब्राह्मण असो, विचार न करता मारावा. मारणाऱ्याला दोष नाही. म्हणजे बघा, मूळ ग्रंथात विचार न करण्याची परवानगी आहे ती आततायीला मारणाऱ्याला!

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो. लाक्षागृहाला आग लावणारे, भीमाला विष घालणारे, राज्य बळकावणारे, द्रौपदीला सभेत ओढून आणणारे. यादीत चपखल बसतात. आणि तरी अर्जुनाचा हात कापतो. म्हणतो, यांना मारून आम्हांला पापच लागेल. का? कारण आततायी घरातले आहेत, चुलत भाऊ आहेत. हे लक्षात ठेवा. आततायी आपल्या जातगोतातला निघाला की या देशात भल्याभल्यांचे हात कापतात, पुढे त्यांची लेखणीही कापते.

तर मूळ अर्थात तपासायची गोष्ट एकच होती : दुसऱ्याचं काय केलं? घर जाळलं का, विहीर नासवली का, जमीन खाल्ली का, बाईवर हात टाकला का? मराठीत येता येता हा सगळा ऐवज गळून पडला. राहिली फक्त घाई. आणि दुसऱ्याचं नुकसान हे अर्थातून काढून टाकलं की शब्द कोणालाही चिकटवता येतो. मागणाऱ्याला, विचारणाऱ्याला, नुसतं उभं राहणाऱ्याला. ज्याचं घर जळालं तो ओरडला तर तो आततायी. ज्यानं जाळलं तो? तो ‘जमाव’. जमावाला नाव नसतं, गाव नसतं, जात नसते. तो प्रक्षुब्ध असतो, एवढंच.

बरं, घाईचाच अर्थ खरा धरू. त्यांच्याच मापानं मोजू. कॅलेंडर काढा.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात तळ्याला हात लावायची सोय नव्हती. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली, २० तारखेला लोक रांगेनं चालत तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांच्या मागोमाग पाणी प्याले. कायदा होऊन साडेतीन वर्षं झाल्यावर. सरकारनं दिलेलं, नगरपालिकेनं मान्य केलेलं पाणी.

आता उतावळे कोण ते बघा. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली. अफवा खरी की खोटी हे बघायला कोणी थांबलं नाही. लाठ्या घेऊन मांडवावर चालून आले, जेवायला बसलेल्यांना झोडपलं. हाती शस्त्र घेऊन अंगावर येणारा, यादीतला तिसरा नंबर. पुढे १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून तळं शुद्ध करून घेतलं. ४ ऑगस्ट १९२७ ला, ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात आपले लोक परत महाडला जमले. तोवर सनातन्यांनी दावा लावून कोर्टाची मनाई आणली होती. हजारो माणसं तुरुंगात जायला तयार होऊन आली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. का, तर दावा कोर्टात आहे. आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तीही कशी? ठराव मांडला गेला. मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्मानं ब्राह्मण. त्याला अनुमोदन मिळालं, तो पास झाला, आणि मग काडी लागली. कोणाचं घर जळलं नाही, छप्पर जळलं नाही, गंजी जळली नाही. अजेंड्यावर विषय घेऊन लावलेली आग आहे ती. आणि आततायी कोण म्हणे, तर आपण!

तळ्याचा दावा हायकोर्टात आपल्या बाजूनं सुटला १७ मार्च १९३७ ला. बोले ठरावापासून मोजा. तेरा वर्षं, सात महिने. एक ओंजळ पाण्याला.

पुढे चला. १३ ऑक्टोबर १९३५, येवला. मी हिंदू म्हणून मरणार नाही, असं बाबासाहेबांनी जाहीर केलं. बरेच शहाणे म्हणाले, रागाच्या भरात बोलले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षं आणि वर एक दिवस. एकवीस वर्षं जगातले धर्म तपासणाऱ्या माणसाला रागाच्या भरात म्हणणाऱ्यांचं गणित कोणत्या शाळेत झालं?

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. आपण केलेला नाही, त्यांच्या विधिमंडळानं केलेला. त्याच दिवसापासून मराठवाड्यात वस्त्या पेटायला लागल्या. माणसं मारली, घरं जाळली, पाणवठे नासवले, बायांवर अत्याचार झाले. वसिष्ठाची यादी घेऊन बसा आणि खुणा करत जा. आणि नाव कधी लागलं? १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षांनी, आणि तेही नामांतर नव्हे, नामविस्तार.

तेरा, एकवीस, साडेपंधरा. जगात असे आततायी कुठं पाहिलेत काय? या हिशोबानं आपण जगातली सगळ्यात संथ माणसं आहोत.

आता दुसरा शब्द घ्या : साहस. आज मराठीत साहस म्हणजे कौतुक. कडा चढला, साहसी. नोकरी सोडून धंदा काढला, साहसी. पण स्मृतींत साहस हा गुन्हा आहे. सरळ समोर येऊन, जोर लावून केलेली जबरदस्ती म्हणजे साहस. मनूनं दंडाचे दर ठरवलेत, त्यांची नावंच पहिलं साहस, मधलं साहस, उत्तम साहस. अडीचशे, पाचशे आणि हजार पण. साहस करणारा हा शिवीगाळ करणाऱ्याहून, चोराहून आणि लाठीनं मारणाऱ्याहूनही वाईट, असं तिथं लिहिलंय.

म्हणजे गंमत बघा. साहस हा गुन्हेगार शब्द सुधारून सज्जन झाला, त्याला आता बक्षिसं मिळतात. आणि आततायी हा खुनी-दरोडेखोरांचा शब्द आपल्याकडे पाठवला, नुसत्या बोलणाऱ्यांना लावायला. शब्दांनाही वर्ण असतो दोस्तहो, आणि त्यांची बढती-बदलीही मंत्रालयातल्यासारखीच होते.

त्याच आठव्या अध्यायात वरच्या वर्णाच्या बरोबरीनं एका आसनावर बसू पाहणाऱ्याला डागून हाकलावं असं सांगितलंय. बसणं हा गुन्हा. आजही तेच आहे. २०१५ साली शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. कशावरून? मोबाइलची रिंगटोन. बाबासाहेबांचं गाणं होतं. आता टपरीवर असा एक तरी शहाणा भेटतोच, जो म्हणतो, पण कशाला वाजवायची, उगाच आततायीपणा. फोन वाजला हा आततायीपणा. आणि मारणाऱ्यांनी जे केलं त्याला काय म्हणायचं? तिथं त्याला शब्दच सुचत नाही. चहा पिऊन निघून जातो.

आता कायद्याच्या कचेरीत चला. तिथं या भावाला ‘अविचार’ म्हणतात. इंग्रजांच्या दंडविधानात १८७० ला ३०४ अ हे कलम घातलं : अविचारानं किंवा हयगयीनं कोणाचा मृत्यू घडवणं. जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे १०६ वं कलम झालं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. गाडीखाली माणूस चिरडला की फिर्यादीत तुम्ही हे शब्द वाचलेच असतील : हयगयीने व अविचाराने.

पण हाच सौम्य शब्द आणखी कुठं कामाला येतो? गटारात. ठेकेदार माणसाला मॅनहोलमध्ये उतरवतो. दोरी नाही, मास्क नाही, ऑक्सिजन नाही. खाली वायू आहे हे शेंबड्या पोराला माहीत आहे. माणूस गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला ते तीस लाख केले. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो याचा अर्थ मरणं थांबलेली नाहीत. आणि फिर्यादीत शब्द येतो, हयगय. अविचार. वर्षानुवर्षं, ठेका भरून, दर ठरवून, त्याच त्याच जातींच्या माणसांना खाली सोडणं हा अविचार? हा तर पुरता विचार आहे! यात घाई कुठंच नाही. उलट त्या प्रेतासमोर रस्ता अडवून बसणारी बाई आणि तिची पोरं, ती मात्र आततायी.

मोठ्या माणसांच्या हातून अविचार होतच नाही, असं तर न्यायासनावरूनही मानलं गेलंय. तामिळनाडूत तंजावरकडे किळवेनमणी नावाचं गाव आहे. शेतमजुरांनी लाल बावट्याखाली थोडी जास्त मजुरी मागितली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री एका झोपडीत आसऱ्याला कोंबलेल्या ४४ दलितांना जाळून मारलं, त्यात बहुतेक बाया आणि पोरं. खालच्या कोर्टानं जमीनदारांना शिक्षा दिली. १९७३ ला मद्रास हायकोर्टानं ते सोडले. निकालातला युक्तिवाद असा, की हे सगळे श्रीमंत, जमीनजुमलेवाले लोक, ते स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटण्यासारखं नाही. समजलं? गाडी-बंगलेवाला माणूस आततायी असू शकत नाही. आततायी व्हायला गरीब असावं लागतं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. मी एका कचेरीत कारकून होतो. माझी वेतनवाढ चौदा महिने अडकली होती. माझ्यामागून लागलेल्यांच्या निघाल्या, माझी फाइल सापडेना. सात अर्ज दिले, सगळे योग्य त्या मार्गाने, प्रत्येकाची पोच घेतली. आठव्या वेळी मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून जरा मोठ्यानं विचारलं, माझी फाइल कुठाय? त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात शेरा आला : स्वभाव आततायी, संयमाचा अभाव. प्रतिकूल शेरा लेखी कळवावा लागतो, म्हणून मला कळला. मी उत्तरात काही भाषण ठोकलं नाही. सात पोचा क्रमानं लावल्या, तारखा लिहिल्या आणि खाली एकच ओळ : चौदा महिन्यांत हा कर्मचारी एकदा मोठ्याने बोलला. शेरा काढावा लागला. वेतनवाढ त्यानंतरही पाच महिन्यांनी निघाली, ती गोष्ट वेगळी.

ही माझी शेखी नाही. यातून हत्यार कोणतं ते बघा. तारीख. त्यांच्याकडे विशेषण असतं, आपल्याकडे तारीख पाहिजे.

आता शेवटचं, आणि हे तुमच्याशी आहे. या शब्दाशी आपली पोरं दोन तऱ्हेनं वागतात. काही जण तो ऐकला की खचतात. नको रे बाबा, आपलं नाव खराब होतं. दुसरे म्हणतात, हो, आहोत आम्ही आततायी, काय करायचं ते करा! टाळ्या मिळतात. पण हा शब्द पदक म्हणून छातीवर लावाल तर त्याच्यामागं वॉरंट येतं. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जाणाऱ्यांवर हल्ले झाले, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, आणि नंतर किती पोरांवर गुन्हे लागले ते तुम्हांला माहीत आहे. त्यातल्या कित्येकांनी काही केलेलं नव्हतं. चारित्र्य पडताळणीला तो कागद आडवा येतो. भरतीत उभा राहिलेला पोरगा धावून पहिला येतो आणि कागदावर मागं राहतो. एसटीच्या काचेवर दगड मारला तर आत बसलेली म्हातारी आपलीच असते. बंगलेवाला एसटीनं जात नाही. म्हणून आपल्यात जो खरोखर घाई करतो त्याला आपण थांबवायचं. आपल्या माणसानं, आपल्या बोलीत, आईच्या शब्दानं : डोक्यात राख घालू नको. त्यासाठी अग्रलेखाचा शब्द उसना घ्यायची गरज नाही.

आणि बाहेरचा कोणी म्हणाला, आततायीपणा करताय, तर चिडू नका, लाजूही नका. दोन प्रश्न विचारा. पहिला, कधीपासून? अर्ज कधी दिला, कायदा कधी झाला, ठराव कधी पास झाला, आज कोणती तारीख आहे? दुसरा, कोणाचं काय जळलं? घर कोणाचं, जमीन कोणाची, अंगावर वळ कोणाच्या? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा आणि मग सांगा, आता घाला शब्द, ज्याला बसेल त्याला.

प्रत्येक शाखेत एक वही ठेवा. वस्तीतलं नळकनेक्शन, अडलेली स्कॉलरशिप, गायरानाचा सातबारा, न घेतलेली फिर्याद. अर्ज केल्याची तारीख, पोच नंबर, पुढची तारीख. वही भरली की मग मोर्चा काढा, आणि मोर्चाच्या पुढे ती वही धरा. तुम्ही किती थांबलात ते ज्याला वाचता येतं त्याला वाचू दे.

जयभीम.